निम्मे सर आणि चौथा दिवा

निम्मे सरांचं आडनाव निम्मे नव्हतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण शाळेच्या फाटकाशी उभं राहून "निम्मे सर आहेत का हो?" असं विचारणाऱ्या पालकांची एक अख्खी पिढी होऊन गेली, आणि आपण टोपणनाव उच्चारतो आहोत याचा त्यांच्यातल्या एकालाही पत्ता नव्हता. एका पोस्टमनने तर 'श्री. निम्मे' असं लिहिलेलं पार्सल त्यांच्या घरी बिनचूक आणून दिलं. सरांनी मुकाट्याने सही केली. त्यामुळे शेजारपाजारी त्यांची बायकोही निम्मे काकू झाली. काकू म्हणायच्या, "हे निम्मे, मी निम्मी. दोघांत मिळून एक धड माणूस होतं, त्यावर संसार चाललाय."

नाव पडलं ते एका प्रयोगामुळे. सर वरच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवत आणि मी भाषा. भाषेला प्रयोगशाळा लागत नाही, असं आमच्या शाळेचं मत होतं. म्हणून मोकळा तास मिळाला की मी सरांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसे, आणि तो प्रयोग मी इतक्या वेळा पाहिला की आज झोपेतून उठवलं तरी सांगेन.

काचेच्या छोट्या दिव्यात अल्कोहोल भरायचं. दिव्याचं वजन करायचं. वर तांब्याच्या डब्यात मोजून पाणी घ्यायचं आणि त्यात थर्मामीटर सोडायचा. दिवा पेटवायचा. पाणी बऱ्यापैकी तापलं की दिव्यावर टोपण घालायचं आणि पुन्हा वजन करायचं. पाण्याला उष्णता किती मिळाली आणि त्यापायी अल्कोहोल किती जळलं, एवढं कळलं की ग्रॅमामागे उष्णता किती ते साध्या भागाकाराने निघतं. अशी चार अल्कोहोलं, चार दिवे: मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल आणि ब्युटेनॉल. पहिल्यात एक कार्बन, दुसऱ्यात दोन, अशा चढत्या भाजणीने चौथ्यात चार. आणि कार्बन वाढेल तशी ग्रॅमामागची उष्णता वाढत जाते.

'अल्कोहोल' शब्द ऐकून पहिल्या दिवशी वर्गात खसखस पिकायचीच. सर थांबायचे. "हसून घ्या. यातलं पहिलं प्यालात तर डोळे जातील. चौथं नुसतं हुंगलंत तरी दुपारचं जेवण जाणार नाही. दुसऱ्याबद्दल तुम्ही घरी कोणाला तरी विचाराच."

आता निम्म्याचं. प्रत्येक अल्कोहोल किती उष्णता देतं याचे आकडे पुस्तकात छापलेले असतात. शाळेतल्या डब्याखाली ते कधीही येत नाहीत. येतात त्यांच्या साधारण निम्मे. उरलेली उष्णता डब्याच्या कडांवरून वर जाते, टेबलाला मिळते, हवेला मिळते, वाकून बघणाऱ्यांच्या नाकांना मिळते. इतर शाळांतले शिक्षक या निम्म्याची लाज बाळगत आणि मुलांना हळूच सांगत की आकडा जरा वर सरकवा. सरांनी मात्र निम्म्याचा झेंडा केला होता.

"पुस्तकातला आकडा ज्याने काढला त्याच्याकडे बंद भांडं होतं," ते म्हणायचे. "तुमच्याकडे खिडकी आहे. खिडकीसकट जो येतो तो तुमचा आकडा. पुस्तकातला आणलात तर शून्य. निम्मा आणलात तर पुढे बोलू."

दुसरी एक पद्धत त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढली होती. प्रयोग जोडीने व्हायचा: एक वाचणारा, एक लिहिणारा. वाचणाऱ्याने थर्मामीटर बघून अंश मोठ्याने सांगायचे, लिहिणाऱ्याने थर्मामीटरकडे पाठ करून ते टिपायचे. कारण दोघांनी बघितलं की दोघांचं मिळून एक तिसरंच मत तयार होतं, असं सरांचं निरीक्षण होतं. (त्यांचं लग्न होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.) भिंतीवर निळ्या रंगात त्यांनी नियमच रंगवून घेतला होता: 'वाचणाऱ्याने पाहावे, लिहिणाऱ्याने न पाहावे.'

"हे मराठी नाही," मी पहिल्याच वर्षी सांगितलं. "'पाहू नये' हवं."

"असू दे हो. न आधी आला की मुलांना लवकर कळतं."

"व्याकरणात बसत नाही."

"विश्वास व्याकरणात बसतो कुठे?" सर म्हणाले, आणि 'न' तसाच राहिला.

खरं सांगायचं तर त्या भिंतीवरच्या वाक्यावर सरांचा जेवढा जीव होता तेवढा रसायनशास्त्रावरही नसावा. दुसऱ्याने पाहिलेलं आपण न पाहता लिहून घ्यायचं, हीच त्यांच्या दृष्टीने शिक्षणाची सगळी भानगड होती.

या सगळ्याचा जिताजागता पुरावा म्हणजे धाकट्या बाई. त्या आता आमच्याच शाळेत सरांच्या हाताखाली शिकवत होत्या. एके काळी याच प्रयोगशाळेत दोन वेण्या घालून वाचणारीच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे तीन आकडे निम्मे आले होते. चौथा, ब्युटेनॉलचा, निम्म्याच्याही बराच खाली आला होता. ही कथा सर दर वर्षी नव्या वर्गाला सांगत. फळ्यावर खडूने चार ठिपके काढत. तीन शिस्तीत चढत जाणारे, चौथा मान खाली घातलेला.

"हा चौथा बघा. रेषेवर बसला नाही. ज्याला थाप मारायची असते तो ठिपका रेषेवर बसवतो. ब्युटेनॉल काजळी धरतं, डब्याचा तळ काळा होतो, उष्णता वाया जाते. पण हे त्या मुलीला तेव्हा माहीत नव्हतं. तिने फक्त दिसलं ते वाचलं. खोटं बोलणाऱ्याला हा आकडा सुचलाच नसता."

धाकट्या बाई वर्गात असल्या तर या वेळी खिडकीबाहेर बघत. आम्ही याला विनय समजत होतो.

सरांचा मुलगा दूर कुठेतरी नोकरी करत होता आणि फोनवर हवामान सांगत असे. धाकट्या बाई मात्र आठवड्यातून दोनदा सरांकडे जेवायला. काकू त्यांना "आमचं शेंडेफळ" म्हणायच्या आणि निघताना डबा भरून द्यायच्या. सर निवृत्तीला आले तेव्हा प्रयोगशाळा कोणाकडे जाणार हा प्रश्न त्यांच्या मनात नव्हताच.

तो प्रश्न होता मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, मनात. त्यांना आगीची भीती वाटे. त्या भीतीला गणिताच्या सरांनी वारा घातला. त्यांनी नवा मोठा पडदा मागवला होता आणि त्यावर काय काय दाखवता येईल याच्या शोधात ते असत.

"सर, जाळायचं कशाला?" गणिताचे सर म्हणाले. "पडद्यावर जळतं की. वास नाही, काजळी नाही, आणि आकडा थेट पुस्तकातला येतो."

"म्हणूनच नको," निम्मे सर म्हणाले.

मोठ्या बाईंनी मधला मार्ग काढला. "सर, तुमच्यामागे कोणी मनापासून हे चालवणारं असेल तर दिवे राहतील. मुलं खरंच काही मोजत असतील तर राहतील. नुसता धूर करायचा असेल तर पडदा बरा."

"मोजतात," सर म्हणाले. "आणि चालवणारी आहे. माझ्यापेक्षा बरी आहे."

एवढ्या दोन वाक्यांवर सरांचं सगळं आयुष्य उभं होतं, आणि दोन्ही वाक्यं त्यांनी न पाहता लिहून घेतलेली होती.

शेवटच्या वर्गाचा प्रयोग झाला. ब्युटेनॉलचा वास आंबलेल्या मोज्यासारखा असतो, म्हणून त्याचा एकच दिवा ठेवत आणि तो कोपऱ्यातल्या खिडकीजवळच्या टेबलावर असे. जोड्या पाळीपाळीने तिकडे जात, थोडा वेळ थांबत, आणि आकडा घेऊन परत येत. त्या टेबलावर हसणं-खिदळणं जरा जास्त चाले; पण चांगली हवा असलेल्या कोपऱ्यात ते व्हायचंच. चौथे आकडे सगळ्यांचे सुरेख आले. निम्मे, कोणाचा किंचित वर, कोणाचा किंचित खाली. या वर्षी काजळी कमी धरली असणार, असं म्हणत सरांनी भरघोस गुण दिले.

नंतर एका दुपारी ते मला म्हणाले, "चला, जाण्यापूर्वी चारही दिवे एकदा स्वतःच्या हाताने जाळून घेतो." माझं काम खिडकीशी उभं राहून वारा अडवण्याचं. रसायनशाळेत भाषेच्या शिक्षकावर याहून मोठी जबाबदारी कोणी टाकत नाही.

तीन दिवे झाले. चौथ्या टेबलावरचा तांब्याचा डबा सरांनी उलटा करून मला दाखवला. तळ लख्ख होता.

"बघा! घासून ठेवलाय. काजळीचा ठिपका नाही. असा वर्ग शेवटी मिळायला नशीब लागतं."

मग त्यांनी काडी ओढली. वात पेटेना. दुसरी ओढली. तिसरी वातीला टेकवून धरली, ती बोटांपर्यंत जळत आली आणि चुर्रकन विझली.

"वात ओली आहे," सर म्हणाले.

"ओलीच असायला हवी ना?" मी विचारलं.

सरांनी वातीकडे निरखून पाहिलं. दिवा उचलून हुंगला. पुन्हा हुंगला. वातीची टोपी काढून थोडं तळहातावर ओतलं, बोटांनी चोळलं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलेलं घरी येऊन सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पाणी आहे."

प्रयोगशाळेची साफसफाई बघणाऱ्या मावशींना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या. "हो, मीच घातलंय. सुट्टीत दिवा नुसता चिकट झाला होता, म्हणून भिजत टाकला. मग बहिणीकडे गेले ती विसरलेच. पण सर, तुमच्या मुलांनी विचारलं नाही मला. एकानेही विचारलं नाही."

तेच तर. एकानेही विचारलं नव्हतं. जगात कुठे झालं नसेल ते आमच्या शाळेत घडलं होतं: एका वर्गाने पाणी जाळलं होतं, त्यातून उष्णता काढली होती, आणि तीही नेमकी सरांना आवडते तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात ओरडले नाहीत. मी दाराशी होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"चौथ्या दिव्याची ज्योत कोणत्या रंगाची होती?" त्यांनी विचारलं.

"निळी, सर."

"पिवळी, सर."

"निळसर पिवळी," मागून एकजण म्हणाला. हा पुढे राजकारणात जाईल.

"काजळी?"

"थोडी, सर."

"थोडी," सरांनी पुन्हा उच्चारलं. मग खिशातून काडेपेटी काढून दिव्याशेजारी ठेवली आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "पेटव."

तिने एक काडी ओढली. दुसरी ओढली. तिसरी हातात तशीच धरून ती म्हणाली, "सर, आम्ही चिमूट टाकली."

"कसली चिमूट?"

"म्हणजे पुस्तकातला आकडा घ्यायचा. निम्मा करायचा. मग चिमूटभर इकडे नाहीतर तिकडे. म्हणजे तो खराखुरा दिसतो. मग उलटं गणित करून वजन आणि तापमान काढायचं."

"कोणी शिकवलं हे?"

"वरून आलंय, सर. माझ्या ताईच्या वर्गातही चिमूटच होती. मावसभावाच्याही."

"आणि बाकीचे तीन दिवे?"

मुलगी खाली बघू लागली. "पहिला पेटवतो, सर. मजा येते."

 मुलीला बहुतेक सरांची दया आली, कारण समजूत घालावी तशी ती म्हणाली, "पण सर, निम्मा तर आणला ना आम्ही? तुम्हाला निम्माच आवडतो."

सरांनी काडेपेटी उचलून खिशात टाकली. पुस्तकातला आकडा आणणाऱ्याला ते शून्य देत आले, ते खोट्याची शिक्षा म्हणून. मुलांनी त्यातून एवढाच बोध घेतला होता की या शाळेत खोट्याचा भाव निम्मा आहे.

हे सगळं सांगायचं कोणाला? मोठ्या बाईंना सांगावं तर 'मोजतात' हे वाक्य गेलं, आणि त्याच्यामागोमाग दिवेही गेले. सर शिक्षकांच्या खोलीत आले. तिथे धाकट्या बाई एकट्याच सफरचंद कापत बसल्या होत्या. सर समोर खुर्ची ओढून बसले. मी कपाटात काहीतरी शोधू लागलो. त्या कपाटात माझं काहीच नव्हतं.

"ऐक," सर म्हणाले. "माझ्या शेवटच्या वर्गाने पाणी जाळलं." आणि दिव्याची गोष्ट सांगितली.

धाकट्या बाई हसायला लागल्या. मनापासून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पाणी? अहो सर, पाणी जाळलं? आणि काजळी थोडी?" हसता हसता सुरी हलत होती. सरांनाही जरा बरं वाटलं असावं. त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला.

"आणि विचारलं तर म्हणतात, चिमूट टाकली."

"अगंबाई," धाकट्या बाई म्हणाल्या, "चिमूट अजून चालते?"

'अजून' हे व्याकरणात फार निरुपद्रवी अव्यय आहे. मी ते इतकी वर्षं शिकवलं. त्याने कोणाला काही केल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. त्या दिवशी सुरी अर्ध्या फोडीत थांबली.

"अजून म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे... आमच्या वेळी पण..."

"तुमच्या वेळी. कोणाच्या?"

"मुलं करायची, सर."

"तू?"

धाकट्या बाईंनी सुरी खाली ठेवली. फोड हातातच राहिली.

"माझ्या मैत्रिणीला त्या वासाने मळमळायला लागलं होतं," त्या म्हणाल्या. "तास संपत आला होता. आम्ही चौथा दिवा पेटवलाच नाही. मी निम्मा काढला. मग वाटलं, फार नीटनेटका दिसतोय, म्हणून थोडा खाली आणला. आणला तो जरा जास्तच आला. मैत्रीण म्हणाली, 'मीठ टाकतेस का त्यात?' मी म्हटलं, 'चिमूटभर.' तिने ते सगळ्यांना सांगितलं."

"शब्द तुझा."

"हो."

"चौथा आकडाही."

"सर, मी तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही तो फळ्यावर काढलात. इतके खूश झालात. म्हणालात, खोटं बोलणाऱ्याला हा सुचलाच नसता." त्यांनी हातातली फोड खाली ठेवली. "मला तर सुचला होता. मला काय बोलावं तेच कळेना."

"नंतर?"

"नंतर तुम्ही मला रसायनशास्त्र घ्यायला लावलंत. मग ते मला आवडायला लागलं. मग नोकरी. मग दर वर्षी तुम्ही तो ठिपका काढायचात. कोणत्या वर्षी सांगायचं होतं, सर?"

प्रश्न रास्त होता. सर उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि गेले. मला कपाटाचं दार बंद करणं भाग पडलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून दुधाच्या पातेल्याखालची ज्वाळा बघत होते. ही त्यांची जुनी खोड. पातेल्याच्या कडेने बाहेर जाणारी ज्वाळा दिसली की ते गॅस बारीक करत आणि काकू मोठा करत. आज त्यांनी हात लावला नव्हता.

"तिने मला सांगितलं," ते काकूंना म्हणाले. "चौथा आकडा खोटा होता."

काकू दूध ढवळत होत्या. ढवळत राहिल्या.

"तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "पोरगी तेव्हाच आली होती सांगायला. तुम्ही घरी नव्हता. या इथे बसून हमसून हमसून रडली. मीच म्हटलं, त्यांना सांगू नकोस."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही आठवडाभर गुणगुणत होतात. अंघोळ करताना गुणगुणत होतात. लग्नाच्या वर्षीसुद्धा तुम्ही गुणगुणला नव्हता. मी कशाला तो आकडा खाली पाडू?"

"तो आधीच खाली होता," सर म्हणाले.

"तेच तर. त्यात काय एवढं? एका लहान मुलीचा एक आकडा!"

"मी तो वर्षानुवर्षं फळ्यावर काढला. तुला घरी येऊन सांगायचो, आज ठिपका काढला म्हणून. तू काय म्हणायचीस?"

"म्हणायची, छान."

दूध वर आलं. काकूंनी फुंकर मारली, ते बसलं, पुन्हा वर आलं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. मी सगळ्यांकडे पाठ करून लिहून घेत होतो. वाचणारे मागे एकमेकांना खुणा करत होते." काकूंनी गॅस बंद केला. तोवर उशीर झाला होता. दूध पातेल्याच्या अंगावरून ओघळून शेगडीवर करपलं, आणि ते पुसायला कोणीच उठलं नाही.

दोन दिवसांनी सर शिक्षकांच्या खोलीत येऊन धाकट्या बाईंना म्हणाले, "तुझा चौथा दिवा राहिलाय."

बाईंना लगेच कळलं. "कधी?"

"मधल्या सुट्टीनंतर. हे येतील वारा अडवायला." हे म्हणजे मी.

मावशींनी दिवा धुऊन, सुकवून, ब्युटेनॉलने भरून ठेवला होता. यावेळी मावशींनी तो स्वतः तीनदा हुंगला, आणि नंतर दुपारी जेवल्या नाहीत. बाईंनी दिव्याचं वजन केलं, पाणी मोजलं, थर्मामीटर सोडला. हात सराईत होते. काही झालं तरी त्या चांगल्या शिक्षिका होत्या, आणि सरांना ते दिसत होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. सर लिहिणाऱ्याच्या जागी बसले: टेबलाकडे पाठ, समोर भिंत, भिंतीवर निळी अक्षरं.

"बावीस," बाईंनी सुरुवातीचे अंश वाचले. सरांनी लिहिले.

काडी ओढली. वात एका झटक्यात धरली. ज्योत पिवळी होती, निळसर अजिबात नव्हती, आणि काजळी थोडी नव्हती, चांगली भरपूर होती. वासही आला. मी खिडकी छातीने अडवून उभा होतो. वारा माझ्या दोन्ही कुशींवरून आत येत होता. ज्योत वाकत होती, सरळ होत होती. बाई डबा हलकेच ढवळत होत्या.  इतक्या वर्षांत त्या खोलीत एवढी शांतता मी ऐकली नव्हती. सर बोलत नसले तर सरांची एखादी कोटी तरी नेहमी हवेत असायची.

बाईंनी दिव्यावर टोपण घातलं. थर्मामीटरवर वाकल्या.

"एकतीस," त्या म्हणाल्या.

सरांनी पेन टेकवलं. आणि मग ते वळले.

अख्खे वळले, खुर्चीसकट. चष्मा कपाळावरून खाली ओढला, पुढे झुकले आणि थर्मामीटर स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. पारा एकतीसवर होता. एकतीसला स्पष्ट टेकलेला. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

बाईंनी त्यांना बघताना बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटतं, दिवा न पेटवल्याचं कबूल करतानाही तो एवढा उतरला नव्हता.

"एकतीसच आहे, सर," त्या हळू म्हणाल्या.

"हो. दिसलं."

"तुम्ही कधी वळला नव्हतात."

"गरज पडली नव्हती," सर म्हणाले. मग पुन्हा भिंतीकडे वळले आणि एकतीस लिहिलं.

गणित झालं. आकडा निम्म्याच्या बराच खाली आला. फळ्यावरच्या त्या ठिपक्याहूनही खाली. एरवी सरांनी माझ्या छातीच्या रुंदीवर दोन वाक्यं टाकली असती. त्यांनी खाली रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं.

मोठ्या बाईंनी त्याच आठवड्यात त्यांना बोलावलं. काहीतरी सही होती म्हणून मीही तिथे होतो. "मग सर, दिवे ठेवायचे? धाकट्या बाईच ना?"

"ठेवा," सर म्हणाले. "त्याच."

"मुलं मोजतात ना नीट?"

"आता मोजतील."

"आणि बाई भरवशाच्या आहेत?"

 हा प्रश्न महिन्यापूर्वी आला असता तर सर रागावले असते. "दिवा पेटवता येतो तिला," ते म्हणाले. मोठ्या बाईंना हा होकार वाटला.

शेवटच्या दिवशी समारंभ झाला. गणिताच्या सरांनी पडद्यावर सरांचे जुने फोटो दाखवले. एका पालकाने भाषणात "निम्मे घराण्याची शिक्षणसेवा" असा उल्लेख केला आणि टाळ्या घेतल्या. धाकट्या बाई पहिल्या रांगेत काकूंशेजारी बसल्या होत्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि सरांशीही नव्हत्या, फक्त जवळ जवळ बसल्या होत्या.

समारंभाआधी सर मला घेऊन प्रयोगशाळेत गेले होते. मावशी स्टुलावर चढलेल्या, हातात पत्र्याची पट्टी. "कुठून खरवडू, सर? अख्खं वाक्य?"

"नाही. फक्त न."

"एकच अक्षर?"

"एकच."

धाकट्या बाई किल्ली घ्यायला आल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. "सर, ते राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "मी सांभाळीन."

"नको," सर म्हणाले. "यापुढे दोघांनी बघायचं." आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

मावशींनी न खरवडला. निळा चुरा त्यांच्या पायाशी पडला, तो त्यांनीच झाडून काढला. भिंतीवर त्या जागी आता एक फिकट डाग आहे. जवळून बघितलं तर न वाचता येतो. पण लांबून वाक्य सरळ दिसतं: 'वाचणाऱ्याने पाहावे, लिहिणाऱ्याने पाहावे.' व्याकरणात चोख बसतं. सर तेव्हा माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी खिडकी लावून घेतली.